कडुनिंबापर्यंतचं नेट

आमच्या घरातलं इंटरनेट सकाळी साडेसहाला दूध आणायला जायचं. येताना कधी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणायचं, कधी चौकात कुणी भेटलं की तिथंच अर्धा तास रमायचं. आठ वाजता आंघोळ, मग देवपूजा. दुपारी दोन ते चार ते झोपायचं आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला चपला घालून फिरायला निघायचं. फेब्रुवारीपासून थेट पोळ्यापर्यंत हे असंच चाललं. कारण घरातलं नेट म्हणजे माझ्या सासऱ्यांचा फोन, आणि बाबा घरात तरच नेट घरात. गेटजवळच्या कडुनिंबापर्यंत दोन दांड्या दिसत, झाड ओलांडलं की सगळं गप्प.

सुरुवात जेसीबीनं झाली. आमचं ले-आउट नागपुरात बेसा बाजूला आहे. सिमेंट रस्त्याचं काम आमच्या गल्लीपर्यंत यायची वाट आम्ही दोन वर्षं पाहत होतो. ते एका मंगळवारी आलं आणि पहिल्याच दिवशी खोदकामात गल्लीतल्या सगळ्या केबली गेल्या. घरातल्या डब्यावर एल-ओ-एस लिहिलेला दिवा लाल लुकलुकायला लागला. पलीकडून उजेड येणं बंद झालं की तो लागतो. फायबरमधून येतो तो उजेडच, त्यामुळे काच तुटली की काम संपलं.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि हळहळले. "तांब्याची तार असती तर मीच जोडून देली असती बेटा. हे तर काच आहे." तांब्याच्या जोडीला पीळ मारून टेप गुंडाळली की निदान खरखरत तरी बोलणं व्हायचं. इथं १२५ मायक्रॉन जाडीच्या काचेची दोन टोकं विजेच्या ठिणगीनं वितळवून एकमेकांना चिकटवावी लागतात. त्याचं मशीन असतं, आणि ते मशीन घेऊन येणारा माणूस "उद्या" येणार होता. तक्रार क्रमांक मिळाला, मग दुसरा मिळाला. मग कळलं की रस्ता पूर्ण झाल्याशिवाय नवी केबल टाकणार नाहीत. दुसऱ्या दोन कंपन्यांना विचारलं, त्यांनी नकाशात पाहून आमच्या गल्लीला नकार दिला. हे सगळं सविस्तर सांगण्यात अर्थ नाही, प्रत्येकाच्या घरी हे पुराण एकदा तरी झालेलं असतं.

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "माझ्या फोनवरून घ्या ना. तसेही माझे रोजचे दोन जीबी मरूनच राहिले."

मरून राहिले, हाच शब्द. २०१६ च्या सप्टेंबरात फुकट डेटाची सिम निघाली तेव्हा त्यांनी रांगेत उभं राहून ती घेतली होती. फुकटचे दिवस सरले, रिचार्ज वाढत गेले, सिम तीच. रोज मिळणाऱ्या दोन जीबीतून ते सकाळी एक कीर्तन ऐकत, नातेवाइकांचे सुप्रभात पाहत आणि उरलेलं सगळं रात्री बाराला वाया जायचं. मिठाईच्या पुड्याची सुतळीसुद्धा गुंडाळून खिळ्याला अडकवणारा हा माणूस. रोज रात्री दीड जीबी पाण्यात जातो हे त्यांच्या मनाला किती लागत असेल, ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घराचा सर्व्हे केला. गंमत नव्हे, खराखुरा. फोनच्या सेटिंगमध्ये खोल कुठंतरी सिग्नलची ताकद डेसिबलच्या उण्या आकड्यात दिसते, हे मला माहीत नव्हतं. त्यांना होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी घराचा आराखडा काढला आणि प्रत्येक खोलीत दोन-दोन मिनिटं उभं राहून आकडे लिहिले. हॉल वजा १०८. आमची खोली वजा ११२. देवघर वजा ११०. स्वयंपाकघरात फ्रिजजवळ त्याहून वाईट. जिन्यातली खिडकी वजा ९४. "पाह्य," ते मला म्हणाले, "दर तीन डेसिबलला ताकद निम्मी होते. इथं अन् तुझ्या खोलीत अठराचा फरक आहे. म्हणजे साठपटीच्या वर." मी मान हलवली. चाळीशी उलटलेल्या, व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं घरून करणाऱ्या बाईला आपण इतकी वर्षं साठपट वाईट जागी बसत होतो हे कळल्यावर दुसरं काय करणार?

जिन्यातल्या खिडकीच्या गजाला आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, एक जुना बटवा टांगला, त्यात फोन. कधीकाळी लवंगा-सुपारी ठेवायचा तो मखमली बटवा, त्यातून बाहेर आलेली पांढरी चार्जिंगची वायर, आणि त्या बटव्यातून खाली हॉलपर्यंत उतरणारं आमचं इंटरनेट. फोनवरून असं नेट वाटणं म्हणजे हॉटस्पॉट, आई त्याला "हॉटपॉट" म्हणायच्या. सुरुवातीला मनू, माझी मुलगी, हसून लोळायची. पुढं आम्ही सगळेच म्हणायला लागलो. मग "हॉटपॉट रिकामा झाला" म्हणजे पोळ्या संपल्या की डेटा, हे संदर्भावरून ओळखायचं.

रिकामा तो लवकरच व्हायचा. राउटर असताना डेटा किती लागतो याचा आम्हाला पत्ताच नव्हता, महापालिकेच्या नळाला मीटर लागायच्या आधी पाण्याचा नसायचा तसा. पहिल्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपनं न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं आणि सकाळी नऊला दोन जीबी संपले. मग सेटिंगमध्ये जाऊन "मीटर्ड कनेक्शन" हे बटण दाबलं. हे बटण कुणासाठी असतं असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. दुसऱ्या आठवड्यात आमच्या ह्यांनी चंद्रपूरहून, जिथं ते नोकरीला असतात, गेटवरचा कॅमेरा लावून पाहिला. रस्त्याचं काम किती झालं ते बघायला. त्यांना दिसलं एक उभं असलेलं जेसीबी, आणि तेवढ्या पाहण्यात आमचा दिवस गेला.

दोन जीबी संपले की नेट बंद होत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं. देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला लागलं १५ ऑगस्ट १९९५ ला, त्यानंतर काही वर्षांनी आलेले मोडेम ५६ केचे होते. म्हणजे आम्ही संध्याकाळ झाली की साधारण त्या काळात जाऊन बसायचो. फरक इतकाच की तेव्हाची पानं त्या वेगाला साजेशी हलकी होती. आता एका जाहिरातीत माझा पूर्ण रिटर्न मावेल.

यावर मनूचं म्हणणं होतं की ५जी फोन घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंपनीनं देशातल्या पहिल्या आठ शहरांत ५जी सुरू केलं, त्या आठांत नागपूर होतं, हे ती वर्गात अभिमानानं सांगून आलेली. बाबांचा हँडसेट ४जी. "चालून राहिला ना," हे त्यांचं उत्तर. चालणारी वस्तू बदलायची नसते, हा त्या घरातला जुना कायदा आहे.

पण डेटा, वेग, दांड्या, या सगळ्यांशी माणूस जुळवून घेतं. मला जड गेलं ते मागणं.

हॉटस्पॉटला काही मिनिटं कुणी जोडलेलं नसलं की तो आपोआप बंद होतो. मी चहाला उठले, लॅपटॉपचं झाकण लावलं, परत आले की नेट नाही. मग वर जायचं किंवा खालून हाक मारायची. "बाबा, जरा नेट देता का?" दिवसातून आठ-दहा वेळा. ते कधी नाही म्हणाले नाहीत, उलट वाती वळता वळता, पेपर वाचता वाचता लगेच उठायचे. पण मला त्या हाकेत लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ऐकू यायची, जेव्हा भाजीसाठी पैसे मागायला लागायचे. राउटर मुका असतो. तुम्ही रात्री एकला काय बघता, दुपारी काम सोडून साड्या बघता का, त्याला काही पडलेलं नसतं. बाबांनाही पडलेलं नसणारच, पण बटव्यातल्या फोनवर "२ उपकरणे जोडलेली" असं दिसायचं आणि मला उगाच चोरी केल्यासारखं व्हायचं. एकदा रात्री साडेअकराला मी दबक्या पावलांनी जिन्यात जाऊन हॉटस्पॉट चालू केला. मागून आवाज आला, "कर, कर. बारा वाजेपर्यंत तीनशे एमबी आहेत, नाही तर मरतील."

मार्चच्या वीस तारखेची गोष्ट तर मी अजून विसरलेली नाही. वीस ही थ्रीबीची, म्हणजे जीएसटीच्या मासिक रिटर्नची, शेवटची तारीख. चुकलं तर दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क आणि वर व्यापाऱ्याचे टोमणे. चार रिटर्न राहिलेले, पोर्टल आधीच दमलेलं. इतवारीतले एक शेठ फोनवर ओटीपी घेऊन तयार बसलेले, "मॅडम बोलू का, बोलू का?" आणि मी आकडा टाकणार तोच पान गोठलं. दांड्या पूर्ण, नेट शून्य. वर धावले. बाबा बटव्यातून फोन काढून कानाला लावून उभे, पलीकडे अमरावतीच्या आत्याबाई.

त्यांच्या फोनमध्ये दोन सिम. नेट एका सिमवर, नातेवाईक सगळे दुसऱ्या, जुन्या नंबरवर. दुसऱ्या सिमवर बोलणं सुरू झालं की पहिल्या सिमचं नेट थांबतं, कारण दोन्ही सिमना मिळून रेडिओ एकच. बाबांना हे ठाऊक होतं, पण आत्याबाईंना कोण सांगणार? त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं. मी जिन्यात उभी राहून हातानं खूण केली. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "अगं ऐक, इथं थ्रीबी चालू आहे, मग करतो." आत्याबाईंनी नंतर सगळ्या नात्यात सांगितलं की दादाच्या घरी थ्रीबी नावाचं काहीतरी चालू आहे, बोलतासुद्धा येत नाही. शेवटचा रिटर्न रात्री अकरा चाळीसला गेला.

त्यानंतर बाबांनी बाहेर पडण्याची एक रीत पाडली. पूर्वी "येतो" म्हणून निघायचे. आता गेटशी उभं राहून विचारायचे, "कोणाचं काही चालू आहे का?" चालू असलं की फोन ठेवून जायचे. मग बाहेर त्यांचा फोन नाही म्हणून आई काळजीत. सत्तरी पार केलेला माणूस खोदलेल्या रस्त्यानं अंधारात जातो आणि जवळ फोन नाही. शेवटी ठरलं, फोन घेऊनच जायचं, वेळ मात्र सांभाळायची. मनूचा गणिताचा ऑनलाइन क्लास संध्याकाळी सहा ते सात, म्हणून फिरणं सातनंतर.

एके दिवशी ते विसरले. चाळीस वर्षांची सवय पायात असते. सहा वाजले, चपला घातल्या, निघाले. कडुनिंब ओलांडला आणि मनूचे सर अर्ध्या समीकरणात थांबले. मी स्वयंपाकघरातून पाहते तो ही पोरगी टॅब छातीशी धरून, पायात एक चप्पल माझी, एक आईंची, गेटबाहेर पळतेय. "आबा! आबा, थांबा ना!" बाबांना एका कानानं कमी ऐकू येतं. ते आपल्या चालीनं पुढं. ती त्यांच्या मागं दहा पावलांवर, कारण दहा पावलांत नेट पकडत होतं. गिट्टीचा ढीग, उघडी चेंबर, वाळूची चाळणी लावून ठेवलेली, त्यातून पुढं आजोबा आणि मागं टॅबवर वर्ग समीकरण. सरांनी विचारलं म्हणे, "तू कुठे आहेस? मागे मिक्सर का दिसून राहिला?" तो काँक्रीटचा मिक्सर होता. बागेच्या बाकावर बसून तिनं क्लास पूर्ण केला, बाबा शेजारी शांत बसून. परत आल्यावर बाबा म्हणाले, "सर चांगले शिकवतात. पण ते शेवटलं त्यांनी घाईनं सोडवलं."

पुढे आठवड्यातून दोनदा ते तसंच जायला लागले. क्लास बागेत. मला ते पटलं नव्हतं, डासांमुळे. कुणी ऐकलं नाही.

मग उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा नागपूरबाहेरच्यांना सांगून कळत नाही, आणि नागपूरकरांना सांगायची गरज नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि जिन्यातली खिडकी भट्टी झाली. दिवसभर हॉटस्पॉट, त्यात चार्जिंग, त्यात सिग्नल ओढायला फोनची धडपड. दुपारी फोननं पडद्यावर लिहून सांगितलं की तापमान जास्त असल्यानं चार्जिंग थांबवलं आहे. लिथियमच्या बॅटरीला थंडीपेक्षा उकाडा जास्त सोसत नाही. बाबांनी फोन खाली हॉलमध्ये आणला, सिग्नल गेला तर जाऊ दे म्हणाले. कव्हर काढलं, स्टीलचं ताट पालथं घातलं, त्यावर फोन, आणि ताट कूलरसमोर. अगदी समोर नाही, कूलरच्या ओल्या ताट्यांवरून पाण्याचे तुषार उडतात म्हणून हातभर बाजूला. ताट धातूचं, उष्णता ओढून घेतं. खरंच फरक पडला. फक्त रोज दुपारी आम्ही चौघं त्या ताटाभोवती बसलेलो असायचो, कूलर एकच आणि नेटही तिथंच. आई आंब्याच्या फोडींना मीठ लावत, मी खरेदीची बिलं चढवत, मनू सुट्टीत कंटाळत. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, पालथ्या ताटावर काही विधी चालू आहे.

तरी जूनमध्ये बॅटरी फुगलीच. मागचं झाकण नखभर वर आलं. आई म्हणाल्या, पुरीसारखी. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, चार्ज करायची नाही, एवढं मला ठाऊक होतं. सीताबर्डीला जाऊन बदलून आणली. तो एक दिवस घरात नेट नव्हतं आणि सगळे आठ वाजता जेवले.

गल्लीतल्या इतरांचंही तेच चाललेलं. रात्री वायफायची यादी उघडली की आख्खी गल्ली दिसायची. कुणाच्या फोनचं मॉडेल, कुणाच्या मुलीचं नाव, एक "पासवर्ड मागू नका", आणि आमचं "आबा". शेजारचा स्पर्धा परीक्षा देणारा मुलगा महिनाअखेरीस, रिचार्ज संपला की यायचा. "काका, फॉर्म भरायचा आहे, पाच मिनिटं." बाबा द्यायचे. सिम आपल्या नावावर, त्यावरून कुणी भलतंसलतं केलं तर विचारणा आपल्याला होणार, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि तो गेला की पासवर्ड बदलायला लागले. मग दर वेळी नवा पासवर्ड मलाही विचारावा लागायचा.

एकदा त्या मुलाला पोचवून आई म्हणाल्या, "हे पाह्य, पुन्हा पी.पी. सुरू झालं यांचं." मनूला पी.पी. कळेना. तेव्हा ती हकिकत निघाली. महाल भागात राहत असताना, खात्यातली नोकरी म्हणून बाबांच्या घरी फोन होता. आजूबाजूच्या पंधरा-वीस घरांत तेवढा एकच. लोक लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर यांचा नंबर छापायचे आणि पुढं पी.पी., म्हणजे फोन शेजारचा. फोन आला की आई गॅलरीत जाऊन हाक मारायच्या, कुणाच्या मुलाचा निकाल, कुणाच्या बाळंतपणाची बातमी, कुणाचं गावाकडं कोणी गेल्याचं. "रडणाऱ्या माणसाला आधी पाणी द्यायची मी, मग फोन," आई म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "पण रात्री-बेरात्री कोणी दार वाजवलं की वैतागही यायचा. नाही असं नाही." मला ते ऐकून फार बरं वाटलं. वैताग आलेला मान्य करणारं माणूस घरात आणखी एक आहे म्हणून. बाबा मात्र काही बोलले नाहीत. मेट्रोत टेलिफोन एक्स्चेंज चौकाची घोषणा झाली की ते आजही जरा ताठ बसतात, तसे बसून राहिले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबत, म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघाली. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनीही खोक्यांचा एक छोटा बडग्या, म्हणजे तसाच पुतळा, केला, त्याच्या पोटावर लाल दिवा रंगवला आणि नव्या कोऱ्या सिमेंट रस्त्यावरून ओरडत नेला, "लाल लाइट घेऊन जा गे मारबत!" त्याचाच गुण म्हणायचा तर म्हणा, चौथ्या दिवशी केबलवाला आला. पंचविशीतला मुलगा, पाठीवर बॅग, हातात ते काच जोडायचं मशीन. बाबा त्याच्या मागं खुर्ची घेऊनच बसले. त्यानं काळ्या वेष्टनातून केसासारखी काच सोलली, स्पिरिटनं पुसली, कापली, मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर दोन टोकं एकमेकांकडे सरकली, एक ठिणगी, आणि जोड दिसेनासा झाला. बाबा पुढं झुकून पाहत होते. "तांब्यात असं नाही जमत," ते म्हणाले.

डब्यावरचा लाल दिवा विझला. मुलानं खिशातून फोन काढला, कनेक्शन चालू करायला ॲपमध्ये नोंद करावी लागते म्हणाला. फोन खिडकीशी धरला, दाराशी धरला, मग जिन्याकडे बघितलं.

"काका, इथं माझ्या फोनला नेटवर्कच नाही. जरा हॉटस्पॉट देता का?"

बाबा उठले, बटवा काढला, चष्मा चढवला. कालच बदललेला पासवर्ड एक एक अक्षर सांगायला लागले. "सगळं लहान अक्षरात. मध्ये जागा नाही. के, डी..." मग थांबले. "दे इकडं, मीच टाकून देतो."